मागेल त्याला कागद

लशी ठेवण्याच्या फ्रिजच्या दारावर एक रजिस्टर टांगलेलं असतं. सकाळ-संध्याकाळ तापमान बघायचं, आकडा लिहायचा, सही करायची. बहुतेक लशींना २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. अशा रजिस्टरचं एखादं पान कधीतरी नीट निरखून बघा. महिन्याचे साठ रकाने, साठांतही ४.०, एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच बैठकीत. चालता फ्रिज असा वागत नाही. दार उघडतं-मिटतं, नव्या खोक्यांनी आतली जागा अडते, मोटर थांबते-सुरू होते. आकडा कधी ३.१ दाखवतो, कधी ६.४. महिनाभर चारच्या चार दिसलं की एवढंच कळतं की फ्रिजकडे कुणी बघितलेलं नाही. त्यात अॅल्युमिनियमचे क्षार असलेल्या लशी एकदा गोठल्या की कामातून जातात, आणि पुन्हा वितळल्यावर बाटली वरवर पाहून ते कळेलच असं नाही. म्हणजे ज्या धोक्यासाठी हे रजिस्टर जन्माला आलं, नेमका तोच धोका ते झाकून ठेवतं.

यावरची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: माणसं कामचुकार आहेत, शिस्त लावा, वर एक तपासनीस नेमा. माझं भांडण या प्रतिक्रियेशी आहे. साधा हिशोब करून बघू. समजा त्या कर्मचाऱ्याकडे अशी बारा रजिस्टरं आहेत आणि एकेकाला तीन मिनिटं लागतात. दिवसातून दोनदा म्हटलं तर बहात्तर मिनिटं झाली. एवढा वेळ त्याच्या कामाच्या वेळापत्रकात कुणीच धरलेला नसतो. रकाना रिकामा राहिला तर त्याला मेमो मिळतो. आकडा खोटा असला तर बहुधा कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि आकडा खरा पण ९.५ असला, तर लशी बाजूला काढणं, वरिष्ठांना कळवणं, लेखी खुलासा देणं हे सगळं त्याच्याच डोक्यावर. या तिन्हींतून तो ४.० निवडतो. तुम्ही-आम्हीही तेच निवडू. वर तपासनीस नेमला की तेरावं रजिस्टर येतं: तपासनीस येऊन गेल्याचं.

बाहेरून जे तपासलं जातं, तेच संस्था घडवते. कागद तपासला गेला तर कागद घडतो, समिती विचारली गेली तर समिती घडते, अधिकाऱ्याचं नाव मागितलं तर एक नाव पुढे येतं. म्हणून पोकळ समित्या आणि कागदी घोडे यांचा दोष संस्थेतल्या माणसांवर टाकण्याआधी मागणी कशी केली होती ते बघायला हवं.

हे कोडं नवं नाही. १९७७ साली जॉन मायर आणि ब्रायन रोवन या अभ्यासकांनी मांडलं की संस्थेची अधिकृत रचना, म्हणजे विभाग, पदं, नियमावल्या, ही कामाच्या गरजेतूनच येते असं नाही. ‘चांगल्या संस्थेकडे हे असायलाच हवं’ अशी जी समजूत भोवताली असते, तिच्यातूनही ती येते. ही रचना दाखवली की संस्थेला मान्यता मिळते. पैसा, परवाना, विश्वास मिळतो. मग प्रत्यक्ष काम आणि दाखवायची रचना यांच्यात हळूच अंतर पाडलं जातं, कारण दोन्ही एकमेकांच्या पायात येतात. पुढे १९८३ मध्ये पॉल डिमॅजिओ आणि वॉल्टर पॉवेल यांनी विचारलं, एकाच क्षेत्रातल्या संस्था इतक्या सारख्या का दिसू लागतात? त्यांनी तीन दबाव सांगितले. पहिला सक्तीचा: कायदा, अनुदान देणारे, मोठे खरेदीदार. दुसरा गतानुगतिकाचा: काय करावं कळत नाही, तेव्हा जो यशस्वी दिसतो त्याची री ओढायची. तिसरा व्यावसायिक संस्काराचा: एकाच तऱ्हेचं शिक्षण घेतलेली माणसं सगळीकडे नेमली जातात, तेच सल्लागार दारोदार फिरतात, आणि ‘आमच्या क्षेत्रात असंच करतात’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं.

कागदावर हे तीन वेगळे आहेत; प्रत्यक्षात ते एकाच मीटिंगमध्ये शेजारी शेजारी बसलेले असतात. खरेदीदार म्हणतो प्रमाणपत्र हवं. स्पर्धकाकडे ते आहेच. आणि नवा क्वालिटी मॅनेजर आधीच्या कंपनीतली फाइल पेनड्राइव्हवर घेऊन आलेला असतो.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचंच उदाहरण घ्या. हे मानक पहिल्यांदा १९८७ मध्ये आलं. त्याची मूळ कल्पना शहाणी आहे: काय करणार ते ठरवा, ठरवल्याप्रमाणे करा, चुकलं तर कारण शोधा. प्रमाणपत्र आयएसओ स्वतः देत नाही, वेगळ्या प्रमाणन संस्था देतात; ते साधारण तीन वर्षं चालतं आणि मधे दरवर्षी देखरेखीचं ऑडिट होतं. ऑडिटरची फी कोण देतं? ज्याचं ऑडिट आहे तोच. हा मुद्दा मी एवढ्यावरच सोडतो, त्यावर बरंच लिहिलं गेलं आहे.

खरी गंमत एनसीमध्ये, म्हणजे ऑडिटमध्ये सापडलेल्या विसंगतीमध्ये आहे. समजा ऑडिटरला एक मापनयंत्र दिसलं, ज्याच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासून घेण्याची, तारीख उलटून गेली आहे. एनसी लिहिली जाते. आता संस्थेने तीन गोष्टी द्यायच्या: तात्काळ दुरुस्ती, मूळ कारण आणि ते पुन्हा होऊ नये म्हणून उपाय. दुरुस्ती सोपी आहे, यंत्र कॅलिब्रेशनला पाठवलं. मूळ कारणाच्या रकान्यात काय येतं? हमखास ‘संबंधित कर्मचाऱ्यास पुरेशी माहिती नव्हती’. उपाय: ‘प्रशिक्षण देण्यात आले’. पुरावा: सह्यांचा हजेरीपट. एनसी क्लोज. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. यंत्र बाहेर पाठवलं तर दहा दिवस लाइन थांबते, दुसरं यंत्र घ्यायला मंजुरी नाही, आणि लाइन थांबवायचा अधिकार कॅलिब्रेशन बघणाऱ्याला नाही. ते लिहिलं तर उपाय म्हणून खर्च मंजूर करावा लागेल किंवा अधिकार द्यावा लागेल. प्रशिक्षणाला अर्धा तास आणि एक कागद पुरतो. एनसी बंद करायला ठरावीक मुदत असते; त्या मुदतीत बसेल असंच कारण सापडतं. पुढच्या वर्षी तीच एनसी दुसऱ्या यंत्रावर येते, आणि तोच हजेरीपट पुन्हा निघतो.

यात आणखी एक बारकावा आहे. २००० च्या आवृत्तीत सहा लेखी कार्यपद्धती सक्तीच्या होत्या, गुणवत्ता पुस्तिका सक्तीची होती, व्यवस्थापनाचा प्रतिनिधी म्हणून एक पद हवं होतं. २०१५ च्या आवृत्तीने ही तिन्ही बंधनं काढली. तुमच्या कामाला लागेल तेवढंच लिहा, असं मानकच म्हणू लागलं. तरी पुस्तिका कपाटात आहे, तिच्या आवृत्त्या निघतात, प्रतिनिधीचं पद तक्त्यात आहे. का ठेवलंत, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘ऑडिटर मागतात’. ऑडिटर म्हणतो, ‘सगळेच ठेवतात’. सक्ती गेली आणि तिच्या जागी गतानुगतिक येऊन बसलं. नियम रद्द करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं: नियम मागे घेतला म्हणजे त्याने उभी केलेली पदं आणि सवयी आपोआप उठून जात नाहीत.

लवकर स्वीकारणारे आणि उशिरा स्वीकारणारे यांच्यात फरक का पडतो, हेही यावरून उमगतं. अमेरिकी शहरांनी १८८० ते १९३५ या काळात नागरी सेवेच्या सुधारणा, म्हणजे वशिल्याऐवजी परीक्षेने भरती वगैरे, कशा स्वीकारल्या याचा अभ्यास पामेला टॉलबर्ट आणि लिन झुकर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीला सुधारणा स्वीकारणारी शहरं स्वतःच्या गरजेने वळली होती. शहराच्या वैशिष्ट्यांवरून कोण स्वीकारेल याचा अंदाज बांधता येत होता. पुढेपुढे तो अंदाज लागेनासा झाला, कारण आता ‘सुधारलेलं शहर’ म्हणवून घ्यायचं तर हे करणं भागच होतं. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या २,७०० हून अधिक रुग्णालयांच्या पाहणीत एकूण गुणवत्ता व्यवस्थापनाबद्दल असंच दिसलं. आधी आलेल्यांनी पद्धत आपल्या मापाने कापून घेतली आणि त्यांना कार्यक्षमतेचा लाभ झाला. मागाहून आलेल्यांनी तयार कपडे अंगावर चढवले. मान्यता मिळाली, कामातला फायदा मिळाला नाही. म्हणून ‘अमक्या ठिकाणी हे यशस्वी झालं’ हा पुरावा मला नेहमी अर्धा वाटतो. तिथे त्यांनी ते का सुरू केलं होतं?

कधीकधी दबाव फिरून स्वतःकडेच येतो. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत भेदभाव करायला बंदी केली, पण कायदा पाळला हे संस्थेने कशाने दाखवायचं ते स्पष्ट सांगितलं नाही. ती पोकळी मनुष्यबळ विभागांनी भरली: समान संधी कार्यालय, लेखी धोरण, तक्रार निवारणाची पद्धत. समाजशास्त्रज्ञ लॉरेन एडलमन यांनी हा प्रवास तपशिलात दाखवला आहे. हळूहळू न्यायालयंही याच रचनांकडे सद्हेतूचा पुरावा म्हणून बघू लागली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक छळाच्या दोन खटल्यांत काही परिस्थितीत मालकाला बचाव उपलब्ध करून दिला. मालकाने छळ रोखायची आणि दुरुस्त करायची रास्त काळजी घेतली होती, आणि कर्मचाऱ्याने रास्त कारण नसताना त्या सोयीचा उपयोग करायचं टाळलं, हे मालकाने दाखवायचं. आता तक्रार पद्धत अस्तित्वात असणं हेच मोठ्या वजनाचं ठरलं. तक्रार करणाऱ्याचं पुढे काय झालं, त्याची बदली झाली का, त्याला एकटं पाडलं का, हे मोजणं अवघड. धोरणाची प्रत दाखवणं सोपं. कायद्याने संस्थांना आकार दिला आणि संस्थांनी दिलेला आकार कायद्याने उचलला.

क्रमवारीचं गणित तर सगळ्यांना पाठच आहे. अमेरिकी विधी महाविद्यालयांवर तिथल्या एका साप्ताहिकाच्या क्रमवारीचा काय परिणाम झाला, हे वेंडी एस्पलँड आणि मायकेल सॉडर यांनी तपासलं. प्रवेश परीक्षेचा मध्यांक, म्हणजे गुणांच्या क्रमाने बरोबर मधल्या विद्यार्थ्याचे गुण, क्रमवारीत धरला जायचा आणि तो तेव्हा पूर्णवेळ विद्यार्थ्यांचाच धरत, एवढं कळल्यावर काही महाविद्यालयांनी कमी गुणांच्या विद्यार्थ्यांना अर्धवेळ वर्गात वळवलं. यात खोटं बोलायची गरजच नव्हती. फक्त जिथे मोजपट्टी पोचत नव्हती तिथे सामान सरकवलं.

मात्र एका उदाहरणापाशी जरा थांबावं लागेल, कारण तिथे दोन्ही बाजूंचे आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा चेकलिस्ट १९ मुद्द्यांची आहे आणि ती तीन थांब्यांवर वाचायची असते: भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी, रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी. रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, अॅलर्जी आहे का, प्रतिजैविक दिलं का, सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगितलं का, शेवटी बोळे आणि सुया मोजून जुळल्या का. २००९ मध्ये आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांतले निकाल प्रसिद्ध झाले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर. पुढे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने रुग्णालयांना चेकलिस्टच्या वापराचे आकडे जाहीर करणं बंधनकारक केलं. २०१४ मध्ये तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास आला. मृत्यूचं प्रमाण आधी ०.७१ टक्के, नंतर ०.६५, संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकणारा नव्हता. आणि चेकलिस्ट पाळल्याचं प्रमाण? रुग्णालयांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे जवळपास शंभर टक्के.

ही तुलना अगदी स्वच्छ नाही, हे मान्य. ऑन्टारिओत आधीपासूनच मृत्यू कमी होते आणि अभ्यासाने आधीचे-नंतरचे तीन-तीन महिनेच बघितले. तरी शंभर टक्क्यांचा तो आकडा मला त्या फ्रिजवरच्या चार अंशांची आठवण करून देतो. चेकलिस्टचा जीव तिच्या कागदात नाहीच. तो थांबण्यात आहे: छेद घेण्याआधी सर्जनने हात थांबवून बोलायचं, आणि खोलीतल्या सगळ्यात कनिष्ठ परिचारिकेला ‘एक मिनिट, ही बाजू चुकते आहे’ असं म्हणता यायचं. हे घडण्यासाठी सर्जनशी आधी बोलावं लागतं, टीमबरोबर तालीम करावी लागते, तक्ता आपल्या थिएटरप्रमाणे बदलावा लागतो. टिक करायला पाच सेकंद लागतात, आणि त्या टिका रुग्ण बाहेर गेल्यावर एकदमही करता येतात. सक्तीने टिक मागितली, टिक मिळाली. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात स्वेच्छेने काही वर्षांचा कार्यक्रम पुरा करणाऱ्या १४ रुग्णालयांमध्ये इतरांच्या तुलनेत मृत्यू घटले, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. स्वेच्छेने येणारे मुळातच उत्साही असतात, हा आक्षेप तिथे घेता येतो आणि तो रास्त आहे. पण मग प्रश्न उरतो की उत्साह नसलेल्यांना हुकुमाने आणून आपण नक्की काय मिळवलं.

आता दुसरी बाजू, आणि ती मला गंभीरपणे घ्यावीशी वाटते. दाखवायचं आणि करायचं वेगळं ठेवण्यानेच कित्येक संस्था जगतात. एका शाळेकडे शिक्षण खातं एक मागतं, अनुदान देणारा दुसरं, पालक तिसरं. तिन्ही मनापासून पाळायचं म्हटलं तर शिकवायला तास उरणार नाही. मुख्याध्यापक पुढच्या खोलीत तिघांच्या फायली नीट ठेवतात आणि मागच्या वर्गात शिक्षकांना शिकवू देतात. याला ढोंग म्हणणं सोपं आहे. खरं तर ते वर्गाला घातलेलं कुंपण आहे. पण त्याचं भाडं द्यावं लागतं. पुढची खोली सांभाळायला माणसं लागतात, ती मागच्या वर्गातूनच येतात. आणि त्याहून मोठं नुकसान असं की खरा आकडा आणि भरलेला आकडा एकाच रजिस्टरमध्ये, एकाच अक्षरात बसतात. ज्या दिवशी खरोखर जाणून घ्यायची वेळ येते, त्या दिवशी आपल्याच नोंदींवर आपला विश्वास नसतो.

शिवाय दबावातून आलेली प्रत्येक रचना पोकळच राहते असंही नाही. अलेक्झांड्रा कॅलेव्ह, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या ७०८ खाजगी आस्थापनांची १९७१ ते २००२ ची माहिती तपासली. व्यवस्थापक पदांवर स्त्रिया आणि कृष्णवर्णीय वाढावेत यासाठी केलेल्या उपायांत प्रशिक्षण वर्ग आणि मूल्यमापन सगळ्यात कुचकामी ठरले. ज्यांनी जबाबदारी ठरावीक माणसांवर किंवा समितीवर टाकली, तिथे सगळ्यात व्यापक फरक पडला; आणि जबाबदार माणूस असला की बाकीचे उपायही थोडे बरे चालले. म्हणजे समिती हा शब्द ऐकून नाक मुरडण्याची गरज नाही. समितीला काम आहे का, तिच्या नावावर काही आहे का, एवढंच बघायचं.

ते बघणं वाटतं तितकं अवघड नाही. समितीची मागच्या वर्षभराची इतिवृत्तं घ्या आणि तिने काय थांबवलं, काय परत पाठवलं ते शोधा. बारा बैठकांत एकही ‘नाही’ नसेल तर ती फक्त ‘मम’ म्हणायला बसते. नेमलेला अधिकारी कुणाला उत्तरदायी आहे ते बघा; ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाताखाली तो असेल तर नेमणूक शोभेची. फाइल संगणकावर असेल तर ती कधी तयार झाली हे संगणकच सांगतो, आणि सहा महिन्यांच्या नोंदी ऑडिटच्या आदल्या दोन दिवसांत जन्मल्या असतील तर पुढे विचारायचं काही उरत नाही. आकड्यांत चढउतार शोधा. चांगल्या आकड्यांपेक्षा ओबडधोबड आकडे जास्त खरे असतात. फ्रिजपाशी डेटा लॉगर ठेवला तर तो दर काही मिनिटांनी स्वतःच नोंद करतो. मग माणसाकडे लिहायचं काम उरत नाही, मर्यादा ओलांडली गेली तर काय केलं एवढंच सांगायचं उरतं. मागणी तिथे वळवायला हवी. ‘महिन्यात किती वेळा तापमान बाहेर गेलं आणि तेव्हा तुम्ही काय केलंत?’ या प्रश्नाला ‘एकदाही नाही’ हे उत्तर आलं तर ते संशयास्पद मानायचं, बक्षीसपात्र नव्हे.

‘पाळा किंवा खुलासा द्या’ ही वाट ब्रिटनमध्ये १९९२ च्या कॅडबरी समितीने कंपन्यांच्या कारभारासाठी घालून दिली. कल्पना चांगली: नियम तुम्हाला लागू होत नसेल तर का नाही ते सांगा. व्यवहारात खुलाशाचेही ठरीव साचे तयार झाले, वकिलांनी घासूनपुसून दिलेले. तरी मला ही वाट सरसकट सक्तीपेक्षा बरी वाटते, कारण खुलासा वाचणारा जागा असेल तर साचा ओळखू येतो. वाचणाराच नसेल तर कुठलीच वाट बरी नाही.

काढून टाकण्याचा प्रश्न याहून चिवट आहे. नवं रजिस्टर सुरू करणाऱ्याला संरक्षण मिळतं: दुर्घटना झाली तर ‘मी परिपत्रक काढलं होतं’. जुनं रजिस्टर बंद करणाऱ्याला फक्त जोखीम मिळते: दुर्घटना झाली तर ‘हे कुणी बंद केलं?’ पन्नास वर्षं न वाचलेलं रजिस्टरही या भीतीने चालू राहतं. यावर सदिच्छेने काही होणार नाही. प्रत्येक नव्या नोंदीवर सुरू करतानाच दोन गोष्टी छापाव्यात: ती कोण वाचणार त्याचं पद, आणि ती कोणत्या तारखेला आपोआप बंद होईल. चालू ठेवायची असेल तर वाचणाऱ्याने तिच्या आधारे काय निर्णय घेतले ते लिहून मुदत वाढवून घ्यावी. म्हणजे सही बंद करण्यासाठी लागणार नाही, चालू ठेवण्यासाठी लागेल.

अडचण तपासनिसाकडेच येऊन थांबते. त्याच्यावरही कुणाची तरी नजर आहे. त्याने महिन्यात किती भेटी दिल्या, किती एनसी लिहिल्या, किती मुदतीत बंद करून घेतल्या, यावर त्याचा गोपनीय अहवाल ठरतो. न कळवता जाऊन एका ठिकाणी अर्धा दिवस बसलं तर त्याच्या भेटी निम्म्या होतात. म्हणून तो आधी फोन करतो, वीस मिनिटांत फायली चाळतो, साठ सह्या मोजतो आणि पुढच्या ठिकाणी निघतो. त्याच्या मासिक तक्त्यात ‘एकूण भेटी’ हा पहिला रकाना आहे तोवर तो फ्रिजचं दार उघडून बघणार नाही.